अट चुलीला घाला, आडनावाला नको



आज ना पदार्थ, ना व्रताची माहिती. आज भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी.

गेल्या वर्षी सासूबाईंना रेडिएशनसाठी परळला टाटा हॉस्पिटलात न्यावं लागलं. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. रोजचं काम काही मिनिटांचं, पण चुकवायचं नाही. सांगलीहून ये-जा शक्य नव्हती. आईंना पाणी गाळून लागतं, जेवण सूर्यास्ताच्या आत, कांदा-बटाटा वर्ज्य. त्यामुळे लॉजचा उपयोग नव्हता. दोन महिन्यांसाठी एक खोली आणि ओटा, एवढंच हवं होतं.

मुंबईत घर ११ महिन्यांसाठी मिळतं. दोन महिने म्हटलं की एजंट फोन ठेवतो. जे ठेवत नाहीत ते आधी आडनाव विचारतात. आम्ही पाटील. तिघांनी ते ऐकूनच सांगितलं, ‘सोसायटी व्हेज आहे, जमणार नाही.’ आम्ही काय खातो, हे कुणी विचारलंच नाही. चौथ्याला मी घाईघाईनं म्हणाले, ‘अहो, आम्ही जैन पाटील!’ त्याचा सूरच बदलला. संध्याकाळी किल्ली हातात होती.

त्या दिवशी मला नुसता आनंद झाला. लाज वाटली ती आठवड्यानं.

हॉस्पिटलच्या बाकावर रोज एक बाई शेजारी बसायची. कराडकडची, मुलाला घेऊन आलेली. म्हैस विकून पैसे आणले होते, भाडं द्यायची तयारी होती. तरी रात्री दोघं फुटपाथवर झोपत. ‘मटण-मासे शिजवणार नाही, लिहून देते म्हटलं, तरी नको म्हणाले. ताई, तुम्हाला खोली कशी मिळाली?’ तिचं आडनाव शेख. मी तिला काय उत्तर देणार होते?

आमच्याच मजल्यावर एक फ्लॅट बंद होता. मालकांना मी फोन केला. म्हणाले, ‘आपल्यातलं कुणी असेल तर सांगा.’ आजारी पोर आपल्यातलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या घरात हिंसा नको, यात चूक काय? काहीच नाही. माझ्या ओट्यावर मांस शिजू नये, असं मलाही वाटतं. ती अट करारात लिहा, समोरच्याची सही घ्या. पण लिहून देणाऱ्यालाही आपण दारातून परत पाठवतो, तेव्हा आपण अन्न पाहत नाही, जन्म पाहतो. त्याला अहिंसा म्हणू नका. जिनांच्या समवसरणात पशुपक्ष्यांनाही जागा असते, असं आपण मुलांना सांगतो. आणि आपल्या लिफ्टमध्ये शेखबाई नको?

दुसरी सबब, भाडेकरू घर सोडत नाहीत. लिव्ह अँड लायसन्सचा करार दोन महिन्यांचाही होतो. तो लेखी करून नोंदवावाच लागतो, नोंदणी ऑनलाइन होते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भरपाई द्यावी लागते, अशी तरतूद १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भीती खरी असेल तर ती आपल्या माणसाचीही वाटायला हवी. ती नेमकी परक्या आडनावाचीच कशी वाटते?

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितले: आहार, औषध, उपकरण आणि आवास. आवास! राहायला जागा देणं हे दान आहे. ते मुनींसाठी सांगितलंय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण करुणादानाला तर पात्र-अपात्र पाहायचं नसतं, समोरचा दुःखी आहे एवढं पुरतं. आणि इथे दानही कुणी मागत नाहीये. ती बाई भाडं देत होती.

शास्त्र लांबचं वाटत असेल तर घरातलं उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील आपलेच, आणि लक्ष्मीबाईही आपल्याच. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईंनी सगळ्या जातींची मुलं आपल्या घरात घेतली, त्यांना रांधून वाढलं. बोर्डिंगातली चूल पेटती राहावी म्हणून अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचा धर्म बुडाला का? आपण व्याख्यानांत त्यांचं नाव अभिमानानं घेतो आणि घरी येऊन जाहिरातीत ‘फक्त जैन’ लिहितो.

मीही लिहिलं होतं. आमचा पुण्यातला लहान फ्लॅट भाड्यानं देताना ती ओळ माझ्याच हातची होती. ‘आपल्यातलं’ कुटुंब मिळेना म्हणून तो चार महिने बंद राहिला. तेव्हा त्या चार महिन्यांत पुण्याला उपचारासाठी आलेलं कुणी जागा शोधत असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

या जानेवारीत ती ओळ मी काढली. आता लिहिते: ‘घरात मांसाहार व मद्य नको. रुग्णांच्या कुटुंबास एक-दोन महिन्यांसाठीही मिळेल.’ घरच्यांशी दोन दिवस वाद झाला, सोसायटीच्या सेक्रेटरींशी अजून चालू आहे.

तुमच्यापैकी अनेकींच्या नावावर मुंबई-पुण्यात घरं आहेत. सही तुमची असते. या पर्युषणात क्षमा मागताना मला त्या कराडच्या बाईची आठवण येईल. पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि तेव्हा तिचा पत्ता होता तरी कुठे?