आरोग्यसेविका आणि सरकारची थैली

खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्री गांवचें आरोग्य राखूं शकेल काय, या प्रश्नाचा निकाल महाराष्ट्रांत केव्हांच लागला आहे. १९७० सालीं जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं आरंभिलेल्या कार्यांत निरक्षर स्त्रियाही आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनें शिकविलेल्या ग्रामीण स्त्रियांनीं घरोघर नवजात अर्भकांची शुश्रूषा केली व त्यांच्या मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें, हें १९९९ सालीं जगापुढें आलें.

पुढें २००५ सालीं मध्यवर्ती सरकारनें हजार वस्तीमागें एक ‘आशा’ नेमण्याचें ठरविलें. प्रारंभिक शिक्षणास २३ दिवस दिले; मात्र तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून वेतनाचा प्रश्नच उडवून लावला! काम नेमून द्यावयाचें, नोंदी तपासावयाच्या आणि मोबदल्याची गोष्ट निघतांच सेवाधर्माचें पुराण सांगावयाचें, हा न्याय कोणता? सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करूं, हें २०१७ च्या धोरणांतील अभिवचनही तें वर्ष उजाडलें तरी पुरें झालें नाहीं.

तिचें शिक्षण वर्षोवर्ष चालावें, त्यांतून परिचारिकेच्या पदापर्यंत वाट मोकळी व्हावी, आणि निश्चित वेतन कायद्यानें बांधून द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. जिचें काम सरकार मोजून घेतें, तिला नोकर म्हणावयास सरकारची जीभ कां अडखळावी?