तंजावरला अर्धा दिवस पुरत नाही

दक्षिणेच्या यात्रेत मराठी प्रवाशाच्या दृष्टीने तंजावर हे बहुधा वाटेवरचे गाव असते. त्रिचीहून मदुराई-रामेश्वरकडे जाताना अर्धा दिवस थांबायचे, बृहदीश्वर पाहायचे, आणि जेवताना 'सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले' ही आख्यायिका ऐकायची. जिला पक्का पुरावा नाही ती ही गोष्ट सर्वांना पाठ असते. ज्यांचा पुरावा दगडावर आणि कागदावर आहे, त्या गोष्टींचा उल्लेख मात्र मराठीच्या वर्गातही क्वचितच होतो. मागच्या हिवाळी सुटीत आम्ही विभागातले तिघे तिथे दोन दिवस राहिलो, ते या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींसाठी.

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या त्या मंदिराचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. तेव्हा तिथे येणाऱ्याची मान वरच राहते, आणि ते योग्यच आहे. दुपारी प्रांगणातली फरशी अशी तापते की अनवाणी माणूस अंथरलेल्या पट्टीवरून खाली पाऊल टाकत नाही. नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी त्यामुळे कोणी फारसे फिरकत नाही. त्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेले भोसले वंशाचे चरित्र आहे. ते मराठी गद्य आहे, आणि बरेच लांबलचक आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता; राजांकडे किल्ला आणि मान तेवढा उरला होता. सत्ता गेल्यावर चारच वर्षांनी वंशाची बखर दगडावर जावी, हा आम्हांला योगायोग वाटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी हा लेख पुष्कळ हाताळला आहे. पण गद्य म्हणून, बखरींच्या शेजारी ठेवून, तो किती जण वाचून घेतात?

नाटकांविषयीची आमची तक्रार याहून मोठी आहे. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण साजरा करतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले, त्याची ती आठवण. मग कोणीतरी उठून म्हणते की व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या 'लक्ष्मीनारायणकल्याणा'ला हा मान द्यायला हवा. त्यावर दुसरे कोणी म्हणते की ती दरबारी गेय नाटके होती, सांगलीच्या रंगभूमीशी त्यांचा धागा जुळत नाही. दुसऱ्याचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. पण पहिलेपणाचा निकाल लागला की चर्चा संपते आणि नाटके न वाचताच मिटून ठेवली जातात, हे आम्हांला खटकते.

शहाजीराजांचेच 'पंचभाषाविलास' घ्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाचही भाषा एकाच नाटकात बोलतात. ते नाटक मराठीच्या वाङ्मयेतिहासात बसवायचे, की तेलुगूच्या? एका भाषेचा इतिहास त्या भाषेच्या मुलखाएवढाच असतो असे गृहीत धरून लिहिलेल्या ग्रंथांना हा प्रश्न पडतच नाही, आणि म्हणून तंजावर त्यांत परिशिष्टासारखे येते. तंजावरच्या मराठीला शेजार होता, आणि तिने तो घेतला. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली स्त्री येते. सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत रचले आणि त्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला! देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली: तमिळनाडूतल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द आजही नांदतात. आपण तौलनिक साहित्याची प्रश्नपत्रिका काढताना युरोपकडे पाहतो. हे उदाहरण त्याहून जवळचे आहे.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि गादी संपली. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र राहिले. नायकांच्या काळापासूनच्या त्या संग्रहात मराठी हस्तलिखितेच तीन हजारांवर आहेत. मोडी कागदपत्रांचे रुमाल वेगळे. ग्रंथालयाने यांतली काही नाटके छापलीही आहेत. सहलीच्या माणसाला तिथे दिसते ते लहानसे संग्रहालय: काचेआडचे ताडपत्र, चित्रे, नकाशे. पंधरा मिनिटांत माणूस बाहेर येतो आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्यांच्या दुकानात तासभर रमतो. बाहुल्या सुरेख असतात, याविषयी दुमत नाही.

मराठी विभागांच्या शैक्षणिक सहली निघतातच. त्यांतली एखादी तंजावरला न्यावी, दोन दिवसांची. पहिला दिवस मंदिराला, आणि तोही सकाळी, फरशी तापण्यापूर्वी. दुसरा ग्रंथालयाला, आधी पत्र पाठवून, परवानगी काढून. निघण्याअगोदर महिनाभर विद्यार्थ्यांकडून मोडी गिरवून घ्यावी, आणि छापील नाटकांपैकी एकाचे वर्गात वाचन करावे. तेलुगू किंवा तमिळ जाणणारे कोणी महाविद्यालयात असेल तर त्यांनाही वाचनाला बोलवावे. 'पंचभाषाविलास' एकट्या मराठीच्या प्राध्यापकाला पेलणार नाही.