पुढचा एपिसोड कोर्टात

काही जणांना मंद गाणी लावल्याशिवाय झोप येत नाही. मला खून, पंचनामा आणि तपास अधिकाऱ्याचा खर्जातला आवाज लागतो. आणि मी काही एकटी नाही. आमच्या शेंद्र्याच्या कंपनी बसमध्ये सकाळी निम्म्या जणी कानात इअरफोन खुपसून बसलेल्या असतात. विचारून बघा, भजन कुणीच ऐकत नाही. एकीच्या कानात अमेरिकेतला सीरियल किलर, दुसरीच्या कानात नवऱ्याला विष घालणारी बाई. पुढच्या सीटवरचे अकाउंट्सचे काका हल्ली आमच्या हातचा चहा घेत नाहीत.

तसं हे वेड आपल्या घरात जुनंच आहे. आजोबांच्या पिढीला बाबूराव अर्नाळकर, काकांच्या पिढीला सुहास शिरवळकर, सलूनच्या बाकावर ‘पोलीस टाइम्स’ आणि १९९८ पासून टीव्हीवर शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न. २०१४ मध्ये ‘सीरियल’ नावाचा अमेरिकन पॉडकास्ट आला आणि जगभर या प्रकाराची लाट आली, एवढाच काय तो फरक. आता तर भांडी घासता घासता दोन खून उलगडतात.

पण बाल्टिमोरच्या शाळेचं पार्किंग मला पाठ आणि आपल्याच लाइनवरचं एक स्टेशन? परभणीची गाडी पकडलीये कधी? जालना, परतूर, सेलू आणि मग येतं मानवत रोड. आपल्या बॅचमधली निम्मी परभणीकर मंडळी दिवाळीला जाताना हे स्टेशन झोपेत पार करतात.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४. बाहेर महाराष्ट्राचा तो भयंकर दुष्काळ आणि मानवतमध्ये एकामागून एक दहा खून. त्यात पाच जणी दहा वर्षांच्या आसपासच्या मुली, चार बायका आणि एक तान्हं बाळ. गुप्तधनासाठी नरबळी दिले जातायत, अशी कुजबुज आणि पुढे फिर्यादी पक्षाची बाजूही तीच. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. हे तेच अधिकारी, ज्यांनी १९६८ मध्ये रामन राघवच्या केसचा तपास केला होता. स्टोरी म्हणून याला तोड नाही, हे मान्यच करायला हवं. १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी यावर ‘आक्रीत’ काढला, पटकथा विजय तेंडुलकरांची. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली. कुलकर्णींच्याच पुस्तकावर बेतलेली, आशिष बेंडेंचं दिग्दर्शन आणि कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मी एका शनिवारी सगळे भाग संपवले. मकरंद अनासपुरेंना बघून हसू येईल असं वाटलं होतं, ते अजिबात आलं नाही.

मजा अशी (मजा म्हणू नये, पण शब्द सापडत नाही), की अशा सगळ्या गोष्टी ‘सापडला!’पाशी येऊन थांबतात. आरोपी गाडीत बसतो, संगीत वाढतं, आपण पांघरूण ओढतो. मानवतची खरी गुंतागुंत तिथून पुढे सुरू होते.

परभणीच्या सत्र न्यायालयात खटला चालला. तो उभा होता माफीच्या साक्षीदारांच्या भरवशावर. माफीचा साक्षीदार म्हणजे जो स्वतः त्या कृत्यात होता आणि माफीच्या बदल्यात इतरांची नावं सांगतो. जोशी-अभ्यंकर खून खटला आठवतोय ना? पुण्यात १९७६-७७ मध्ये तेही दहा खून, तिथेही माफीचा साक्षीदार होताच, त्यावर त्याच नावाचा सिनेमाही निघाला. आता तुम्ही जज आहात असं धरा. स्वतःचा गळा सोडवायला बोलणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवाल? कायदा म्हणतो, त्याच्या सांगण्याला दुसरा भक्कम आधार शोधा, आणि तोही प्रत्येक आरोपीच्या बाबतीत वेगवेगळा.

सत्र न्यायालयाच्या निकालानंतर प्रकरण मुंबईला उच्च न्यायालयात गेलं. आपलं खंडपीठ तेव्हा नव्हतंच, ते १९८१ चं. तिथे चित्र बदललं. ज्या जोडप्याभोवती अख्खी मानवतची गोष्ट फिरते, ते दोघं निर्दोष सुटले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने निकाल दिला, तेव्हाही त्यांची सुटका कायम राहिली. न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल लॉच्या पोरांना आजही वाचावा लागतो, कारण त्यात कबुलीजबाब कसा नोंदवावा, माफीच्या साक्षीदाराला किती मानावं, शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीचं म्हणणं कसं ऐकावं, हे सगळं आहे. तपासाच्या जोशात पोलिसांचा हात कसा सैल सुटतो, यावरही कोर्टाने कान टोचलेत.

गल्लीत विचारा, मानवतचे खून कुणी केले? लोक त्या दोघांचीच नावं घेतात. त्या बाईच्या पारधी असण्याचा उल्लेख तर हमखास होतो, जणू तोच पुरावा. ज्या जमातींना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्यांच्यापैकी ही एक. कागदावरून पुसला, आपल्या पॉडकास्टमधून अजून पुसला जायचाय.

उलटंही होतं म्हणा. ‘सीरियल’मुळे अदनान सय्यदच्या केसकडे पुन्हा लक्ष गेलं, २०२२ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, २०२३ मध्ये अपील कोर्टाने ती परत लागू केली, २०२५ मध्ये भोगली तेवढी कैद पुरे म्हणून तो बाहेरच राहिला. आणि हे सगळं सुरू असताना हे मिन ली या मुलीच्या घरचे प्रत्येक वेळी नव्याने कोर्टात उभे. अदनानचं नाव सगळ्यांना माहीत. तिचं मलाही पुन्हा बघून घ्यावं लागलं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आई सेलूची. त्या वेळी त्या नऊ-दहा वर्षांच्या, म्हणजे मानवतच्या त्या मुलींच्याच वयाच्या. लेकीने कौतुकाने टीव्हीवर सीरिज लावून दिली तर दहा मिनिटांत उठून गेल्या. म्हणाल्या, “दिवस कलला की आई दाराला कडी घालायची. मला कशाला दाखवतीस?” मग स्वयंपाकघरातून विचारलं, “त्या पोरींची नावं तरी सांगितली का त्यात?”

मैत्रिणीला आठवेना. मलाही नाही. मुख्य आरोपीचा फेटा कसा होता ते मात्र दोघींना लख्ख आठवत होतं.

मी ऐकणं सोडणार नाहीये, काकांना चहा न पिऊ दे. सवय एकच लागलीये, एपिसोड संपला की निकाल शोधायचा. मानवतचा निकाल नेटवर फुकट आहे. तिथे मेलेल्या मुली एकेक करून नावानिशी येतात, कुठे सापडल्या, कुणी बघितलं, सगळं. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे जास्त अंगावर येतं. इंग्रजी जड आहे, मला दोन वीकेंड लागले. अडलात तर एखाद्या वकील मित्राला कॅनॉटला कॉफी पाजा. खंडपीठाच्या गावात राहतो आपण, प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी वकील असतोच, आणि त्याला केस समजावून सांगायला कॉफीसुद्धा लागत नाही.