मांडणी कुणी निवडावी?

लग्न ठरवताना मुलीला विचारण्याइतकी सुधारणा आमच्या उमापुरात झाली. मांडणी घेताना बाईला विचारण्याची व्हायची आहे. गेवराईच्या बाजारात मांडणी ठोठावून पाहतो तो गडी, ज्याने जन्मात पातेले विसळलेले नसते! तो पाहतो चकाकी. अहो, स्टेनलेस म्हणजे पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम. तेही खारट पाण्यात सतत भिजले की डागाळते. त्यात आता बंद ट्रॉलीचे खूळ! ओली भांडी कोंडली, की कुबट वास आणि झुरळे बिनभाड्याने राहायला येतात. उघड्या मांडणीत पाणी निथळते, वारा खेळतो. जड कुकर कमरेच्या उंचीवर हवा, डोक्यावर नव्हे. पण हे कंबरेलाच विचारावे लागते. बँकेत खाते ज्याचे, सही त्याची. तसेच भांडी जो घासेल, मांडणी तो निवडील. पुरुषांना हा हक्क हवाच असेल, तर मोरी मोकळी आहे!