नव्या साठ्याआधी जुने नकाशे उघडा

प्रति,
माननीय अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड,
कोल इस्टेट, सिव्हिल लाइन्स, नागपूर.



देशातल्या भूमिगत कोळसा खाणींचे उत्पादन २०३० पर्यंत १०० दशलक्ष टनांवर नेण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. आज देशात निघणाऱ्या एकूण कोळशात या खाणींचा वाटा जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास आहे. एवढी मोठी मजल मारायची तर चालू खाणींच्या हद्दीपलीकडचा, खोल उताराकडचा कोळसा हिशेबात धरावाच लागेल. सावनेर, सिलेवाडा, पाटणसावंगी या पट्ट्यातले अशा विस्ताराचे नकाशे आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार. त्याआधी हे पत्र लिहीत आहे.

नोकरीची सगळी वर्षे मी भूमिगत खाणीत सर्व्हेअर म्हणून काढली. घरची संत्र्याची बाग सावनेर तालुक्यात आहे. त्यामुळे कोळसा खालूनही पाहिला आणि त्याच्या वरची जमीनही कसली.

विस्ताराला माझा विरोध नाही. उमरेड किंवा गोंडेगावच्या खुल्या खाणीच्या काठावर उभे राहिले की शेत, पांदण, आमराई यांतले काहीच उरलेले दिसत नाही; दिसतो तो खड्डा आणि मातीचे डोंगर. खालून कोळसा काढला तर वर गाव नांदू शकते. म्हणून भूमिगत खाण जगली पाहिजे, वाढली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे नियोजनाच्या सुरुवातीबद्दल आहे. प्रस्ताव साठा किती, सीम म्हणजे कोळशाचा थर किती जाड, खाण किती वर्षे पुरेल इथून सुरू होतो. तो जुन्या वर्किंगपासून, म्हणजे आधी खणून सोडलेल्या भागापासून, सुरू व्हावा.

आपल्याकडच्या कित्येक खाणी १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी खासगी मालकांच्या होत्या. त्या काळचे काही नकाशे अर्धवट आहेत. मालकाने शेवटच्या काही महिन्यांत गॅलऱ्या पुढे नेल्या आणि कागदावर चढवल्याच नाहीत, तर नकाशावरची रेघ जिथे थांबते तिथे खाण थांबलेली नसते. आणि बंद पडलेल्या गॅलऱ्यांत पाणी भरलेले असते. आपल्या कामठी कोळसा क्षेत्रात तर कोळशाच्या वर कामठीचा पाणीदार वालुकाश्म आहे. इथे जुने वर्किंग कोरडे असेल असे गृहीत धरणे धोक्याचे.

छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसले आणि ६३ कामगार गेले.  २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ माणसे बुडाली. २००१ मध्ये बागडिगी खाणीत २९ गेली. प्रत्येक वेळी पाणी आधीपासून तिथेच होते.

पाणी भरलेल्या जुन्या वर्किंगपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी पुढे बोअर मारत जावे लागते. फेसच्या, म्हणजे जिथे कोळसा खणला जातो त्या समोरच्या भिंतीच्या, मध्यावर एक आणि दोन्ही बगलांना तिरके. रॉड मागे ओढताना भुकटी ओली आली की सगळे गप्प होतात. टॉर्चच्या उजेडात छिद्रातून बारीक धार दिसते. ताजे झिरपणारे पाणी असले तर ते निवळ असते. जुन्या गॅलरीतले पाणी तांबूस येते आणि त्याला कुबट वास असतो. त्या वेळी सर्व्हेअरकडे सगळे पाहतात, आणि सर्व्हेअर हातातल्या नकाशाकडे. तो नकाशा खोटा असेल तर खालच्या माणसाला दुसरा आधार नाही. म्हणून साठ्याचा अंदाज काढण्यासाठी जसे वरून बोअर घेतले जातात, तसेच जुन्या वर्किंगची हद्द पक्की करण्यासाठीही आधीच घ्यावेत. त्यासाठी पैसे लागतील, वेळही जाईल. ते प्रस्तावाच्या खर्चातच धरलेले असावेत.

आता वरची गोष्ट. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. पायाखाली काय आहे, हे त्या वॉर्डातल्या लोकांना घर बांधताना कोणी नकाशा दाखवून सांगितले होते का?

नव्या पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या नव्या भागात, आधाराचे कोळशाचे पिलर काढून छत पाडले, की वरची जमीन बसते. सीम ३ मीटरचा असेल तर मीटर-दीड मीटरपर्यंतही बसू शकते. मोकळ्या जागेत वाळू भरली तर हे बसणे फार कमी होते. जमीन बसली तर भेगा पडतात, त्या माती टाकून बुजवल्या जातात आणि कागदोपत्री काम संपते. पण संत्र्याच्या आंबिया बहाराचे फळ उन्हाळाभर झाडावर असते. एप्रिल-मेमध्ये विहीर खाली गेली आणि एक पाळी चुकली तरी बारीक फळ गळून झाडाखाली सडा पडतो. शेतकरी तक्रार घेऊन आला, की विहीर खाणीमुळे आटली कशावरून, असे त्याला विचारले जाते. त्याच्याकडे पुरावा नसतो, कारण खाण सुरू होण्याआधी विहिरीचे पाणी कोणी मोजलेलेच नसते.

१९५७ च्या कोळसा क्षेत्र अधिग्रहण कायद्याने जमीन न घेता फक्त खालचे खाणहक्कही घेता येतात. मग सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. जमीन गेली नाही म्हणून त्याला जमिनीचा मोबदलाही नाही, नोकरीही नाही. खाणीचा सगळ्यात जवळचा शेजारी तोच, आणि खाणीच्या कागदावर त्याला कुठेच जागा नाही. विस्तार ठरावीक मर्यादेतला असेल तर नव्याने जनसुनावणीचीही गरज नसते. कायद्याने गरज नसेल, तरी आपण ती घ्यावी.

खाणीच्या पाण्याचे चांगले काही करता येते हे आपल्याच कंपनीने दाखवले आहे. पाटणसावंगीत हे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केले गेले. नव्या पॅनेलचे पाणी उपसाल तेव्हा त्याची पाइपलाइन पहिल्याच आराखड्यात वरच्या बागांपर्यंत ओढलेली दिसू द्या.

कामगारांसाठीही एक मागणी आहे. खाण लांबली की फेस दूर जातो. चालत जाण्या-येण्यातच पाळीचा बराच वेळ जातो, हवा कोंदट होते, आणि छताला टेकू देणारा पन्नाशीचा टिंबरमन थकून पोचतो. कामगारांना फेसपर्यंत नेणारी मॅनरायडिंगची सोय आणि हवेचा नवा शाफ्ट आधी, उत्पादन नंतर, असा क्रम असू द्या.

प्रस्ताव संचालक मंडळापुढे जाण्याआधी पॅनेलच्या वर येणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीतला एक नकाशा लावा. त्यात जुने वर्किंग, त्यातले पाणी, कुठे पिलर राहणार, कुठे छत पाडणार, कुठे वाळू भरणार, हे सगळे गट क्रमांकासह दाखवा. जमीन बसण्याच्या मोजमापाचे आकडे दर तिमाहीला त्याच भिंतीवर लागावेत. आणि येत्या जानेवारीपासून गावातल्या विहिरींची पातळी मोजायला सुरुवात करा. एका उन्हाळ्याच्या तरी नोंदी पहिला पिलर काढण्याआधी हातात हव्यात. हे काम करायला गावातली शिकलेली मुले आहेत, आणि त्यांना टेप कसा सोडायचा, नोंद कशी ठेवायची, हे शिकवायला मी आणि माझ्यासारखे निवृत्त सर्व्हेअर तयार आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त खाण-सर्व्हेअर,
ता. सावनेर, जि. नागपूर