दावा करणे हा गुन्हा आहे काय?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील हजारो वाहने पाण्यात बुडाली. अशा प्रलयात बुडालेल्या टॅक्सीचा मालक विमा कंपनीकडे भरपाई मागतो, तेव्हा तो भीक मागत नसतो. हप्ता त्याने आगाऊ भरलेला असतो. तरीही नियमानुसार पुढील नूतनीकरणाच्या वेळी त्याची ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत नाहीशी होते. दाव्याविना पहिले वर्ष गेले की २० टक्के, पाच वर्षे गेली की ५० टक्के, आणि एका दाव्यासरशी शून्य! पावसाचा अपराध चालकाच्या खात्यावर मांडला जातो.

निष्काळजी चालकाचा भार सावध चालकाने का सोसावा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण हा नियम दोष कोणाचा हे विचारतच नाही. चोरी, पूर, कोसळलेले झाड, सारे त्याला सारखेच. परिणामी गरीब वाहनमालक लहानसहान दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करतो. ज्या संरक्षणाचे पैसे मोजले, ते वापरण्याचीच त्याला धास्ती!

अमेरिकेत तर दाव्यांची नोंद घराच्या पत्त्यालाही चिकटते, जन्माची जात चिकटावी तशी. आधीच्या मालकाचे दावे नव्या मालकाला भोवू शकतात. मात्र तेथे आपली नोंद मागून पाहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर १९८८ साली दरवाढीस शासकीय आयुक्ताची पूर्वसंमती सक्तीची केली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे घडले, ते येथे अशक्य का मानावे?

आपल्याकडेही तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचा मूळ दर सरकार वाहनाच्या प्रकारानुसार ठरविते. मालकाचा पूर्वेतिहास त्यात येत नाही. स्वतःच्या वाहनाच्या हानीचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीवर सोपविले गेले. त्या मर्जीला लगाम हवा. चालकाचा दोष सिद्ध नसलेला दावा हिशेबात धरू नये आणि विमेदाराची नोंद त्याला विनामूल्य दाखवावी, एवढी तरी मागणी आपण लावून धरली पाहिजे. टॅक्सी-रिक्षा संघटनांतील साथींनी सवलत गमावलेल्या सभासदांच्या नूतनीकरणाच्या पावत्या गोळा करून हैदराबादच्या विमा नियामकाकडे निवेदनासह पाठवाव्यात.