पाटीवर आमचे नाव कोण लिहिणार?

संग्रहालय म्हटले की आपल्याला मुंबई-दिल्ली आठवते. पण धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी एक लहानसे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, तेथे आपल्यापैकी किती जण गेले? गोरोबा काकांचे गाव म्हणून तेर सर्वांना ठाऊक आहे. परंतु हेच गाव म्हणजे सातवाहन काळातील 'तगर' ही बाजारपेठ. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या व्यापारी ग्रंथात तिचा उल्लेख आहे. येथील उत्खननात विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. म्हणजे एकेकाळी या मातीत बुद्धाचा धम्म नांदत होता!

हा ठेवा गावात राहिला तो रामलिंगप्पा लामतुरे या एका माणसाच्या ध्यासामुळे. टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. आज ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एक माणूस एवढे करू शकतो, तर लाखोंचा समाज काय करू शकणार नाही?

आता खरा प्रश्न. संग्रहालयात वस्तू बोलत नाही, तिच्याखालची पाटी बोलते. पाटीवर बहुधा राजघराण्याचे नाव असते. ती मूर्ती भाजणारा, तो मणी घासणारा कारागीर कोण, हे कोणी लिहीत नाही. लोकजीवनाच्या दालनातही तेच. विहिरीची मोट मांडायची आणि खाली लिहायचे, 'शेतीचे जुने साधन'. त्या मोटेचे कातडे ढोरांनी कमावले, चांभारांनी ती शिवली आणि त्याच विहिरीवर त्यांना पाणी भरण्यास बंदी होती, हे कोण लिहिणार? हे लिहिले नाही, तर ती पाटी अर्धसत्य सांगते. अर्धसत्य हे असत्याहून घातक असते.

काही बांधव म्हणतील, येसकराची घुंगुरकाठी, मेलेली जनावरे फाडण्याची हत्यारे ही गुलामीची चिन्हे आहेत, ती कशाला जपायची? ती फेकून दिली हे योग्यच झाले. 1956 साली धम्म स्वीकारला, 1958 च्या कायद्याने महार वतन गेले. ते जोखड पुन्हा खांद्यावर घ्यायचे नाही. पण एखादी काठी अजून कोणाच्या माळ्यावर असेल, तर ती भंगारात घालू नका. ती पूजेसाठी नको, पुराव्यासाठी हवी. उद्या कोणी म्हणेल की गावगाडा गुण्यागोविंदाने चालला होता, तेव्हा तीच काठी साक्ष देईल.

आपल्याकडे याचे उदाहरण आहे. नागपूरजवळच्या चिंचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि नित्य वापरातील वस्तू वामनराव गोडबोले यांच्या पुढाकाराने जपल्या गेल्या. पण कापड विरते, कागद पिवळा पडतो. नुसती श्रद्धा त्यांना वाचवत नाही, त्यासाठी शास्त्रीय जतन लागते. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्राकडे वळले पाहिजे. पाटी लिहिणारा हात आपला असला पाहिजे.

तोवर एवढे तरी करू या. प्रत्येक विहारात एक कपाट आणि एक नोंदवही ठेवा. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या कामाची, कोणी दिली हे त्यात लिहा. म्हाताऱ्या माणसांकडून तिची हकिकत टिपून घ्या. नोंद नसलेली वस्तू मुकी असते. शेतात प्राचीन मूर्ती वा नाणी सापडली, तर लपवू नका, विकू नका, महसूल कार्यालयात कळवा. आणि शाळेच्या सहली तेरसारख्या ठिकाणी न्या. मुलांना तेथे एकच प्रश्न विचारायला शिकवा, हे कोणी घडवले?

ज्यांनी घडवले त्यांचे नाव पाटीवर आले पाहिजे. ते दुसरे कोणी लिहील, या भ्रमात राहू नका.

जय भीम!